राहाल तरच खेळाल

अमेरिकेतील मुलांच्या अनेक मोठ्या क्रीडास्पर्धांच्या नियमावलीत एक अट असते. बाहेरगावच्या संघाने आयोजकांनी ठरवून दिलेल्या हॉटेलांतच उतरायचे आणि खोल्याही आयोजकांनी नेमलेल्या एजन्सीकडूनच घ्यायच्या. पलीकडच्या रस्त्यावर स्वस्त खोली मिळत असली, गावात मावशीचे घर असले किंवा हॉटेलसाखळीचे पॉइंट साठवून फुकट रात्र पदरात पडलेली असली, तरी ते चालत नाही. अट मोडणाऱ्या संघाला स्पर्धेतून वगळले जाऊ शकते आणि भरलेली प्रवेश फी बहुधा बुडते. या पद्धतीला तिकडे ‘स्टे टू प्ले’ म्हणतात, म्हणजे राहाल तरच खेळाल. व्हॉलीबॉल, सॉकर, आइस हॉकी, बेसबॉल, सॉफ्टबॉल, लॅक्रॉस आणि चिअरलीडिंग या खेळांत ती चांगलीच रुळली आहे.

ही अट समजून घ्यायची तर आधी ‘ट्रॅव्हल टीम’ हा प्रकार समजून घ्यावा लागतो. अमेरिकेत शाळेचा संघ असतो, वस्तीतल्या मुलांची हौशी लीग असते आणि या दोहोंच्या वर खासगी क्लबांचे संघ असतात. हे क्लब निवडचाचणी घेतात, पगारी प्रशिक्षक ठेवतात, वर्षाची फी आकारतात आणि हंगामभर शनिवार-रविवारी दुसऱ्या शहरात, पुष्कळदा दुसऱ्या राज्यात, खेळायला जातात. मोठ्या स्पर्धांना महाविद्यालयांचे प्रशिक्षक खेळाडू हेरायला येतात. शिष्यवृत्तीची, निदान चांगल्या महाविद्यालयात प्रवेशाची आशा असलेल्या घरांना अशा स्पर्धा टाळणे परवडत नाही. न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियाच्या बे एरियात स्थिरावलेली मराठी कुटुंबेही यातून सुटलेली नाहीत. मुलगी क्लबकडून व्हॉलीबॉल खेळू लागली, की शुक्रवारी संध्याकाळी गाडीत बॅगा, थंड पाण्याच्या बाटल्या आणि डब्यांची पिशवी भरणे हा घरचा परिपाठ होऊन बसतो.

प्रवास हा या खेळांतला मोठा खर्च आहे. अ‍ॅस्पेन इन्स्टिट्यूटच्या ‘प्रोजेक्ट प्ले’ उपक्रमाने २०१९ मध्ये केलेल्या पाहणीत एका मुलाच्या एका खेळावर कुटुंबाचा वर्षाचा सरासरी खर्च ६९३ डॉलर निघाला. त्यात प्रवासाचा वाटा १९६ डॉलर होता, म्हणजे साहित्य, खासगी शिकवणी आणि नोंदणी फी यांपैकी प्रत्येकाहून जास्त. २०२४ च्या पाहणीत मुलाच्या मुख्य खेळावरचा सरासरी खर्च १,०१६ डॉलरवर गेला होता. या सरासरीत गल्लीतल्या लीगमध्ये खेळणारी मुलेही धरलेली आहेत. ट्रॅव्हल टीममधल्या मुलाचा खर्च त्याच्या कितीतरी पट होतो.

अट कशी राबवली जाते

सुरुवात आयोजक आणि हॉटेले यांच्यातील कराराने होते. स्पर्धेच्या बरेच महिने आधी आयोजकाची एजन्सी शहरातल्या हॉटेलांकडून ठराविक रात्रींसाठी खोल्या अडवून ठेवते. याला ‘रूम ब्लॉक’ म्हणतात. करारात खोलीचा दर ठरतो आणि न विकल्या गेलेल्या खोल्या हॉटेलला परत करण्याची अंतिम तारीखही ठरते, जी साधारणपणे स्पर्धेच्या तीन-चार आठवडे आधीची असते. शिवाय अडवलेल्यांपैकी निदान अमुक टक्के खोल्या भरल्या नाहीत तर नुकसानभरपाई द्यावी लागेल, असेही एक कलम असते. आयोजकांच्या सक्तीचे मूळ बऱ्याच अंशी या कलमात आहे. शेकडो खोल्यांची जबाबदारी अंगावर घेतलेल्या माणसाला त्या खोल्या भरल्याशिवाय झोप लागत नाही.

पुढचे ओझे संघाच्या व्यवस्थापकावर पडते. हा व्यवस्थापक म्हणजे संघातल्याच एखाद्या मुलाची आई किंवा वडील. काम बिनपगारी, पण सगळे खापर त्याच्या डोक्यावर फुटते. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी आरक्षण खुले होते. मैदानाजवळची, सकाळची न्याहारी दरात धरलेली हॉटेले पहिल्या काही मिनिटांत संपतात आणि उशिरा पोचलेल्या संघाला अर्ध्या तासाच्या अंतरावरचे, दर मात्र तितकाच असलेले हॉटेल मिळते. मग प्रत्येक पालकाला संघाच्या नावाची स्वतंत्र लिंक पाठवायची, त्यांनी तिच्यावरूनच खोली घेतली का ते पाहायचे, कोणी परस्पर दुसरीकडे घेतली असेल तर त्याची मनधरणी करायची. बऱ्याच स्पर्धांत संघामागे किमान आठ-दहा खोल्या आणि किमान दोन रात्री, असा दंडक असतो. संघ शनिवारी दुपारीच बाद झाला तरी शनिवारच्या रात्रीचे पैसे भरायचेच.

स्पर्धेच्या आधी एजन्सी हॉटेलांकडून आलेली नावांची यादी संघांच्या यादीशी ताडून पाहते. आकडा कमी भरला की व्यवस्थापकाला ईमेल येतो. वेळापत्रक मात्र अनेकदा अगदी शेवटच्या आठवड्यात जाहीर होते. पहिला सामना शुक्रवारी संध्याकाळी आहे की शनिवारी सकाळी आठला, हे कळण्याच्या कितीतरी आधी रात्री ठरलेल्या आणि पैसे अडकलेले असतात. पालकांच्या तक्रारींत दराच्या खालोखाल हीच गोष्ट येते.

सूट असते ती जवळच्या संघांना. मैदानापासून ५० किंवा ७५ मैलांच्या आत राहणाऱ्या संघाला ‘स्थानिक’ मानून मुक्कामाच्या अटीतून वगळले जाते. ही रेषा कुठेतरी ओढावीच लागते, पण रेषेच्या जरा पलीकडे राहणाऱ्यांचे हाल होतात. हायवेने तासाभरात घरी पोचू शकणारी मुले दोन रात्री हॉटेलात झोपतात, ती केवळ त्यांचे गाव नकाशावर दहा मैल लांब पडते म्हणून. काही आयोजक अशा संघांना ठराविक रक्कम भरून अट चुकवू देतात. न राहण्याचे पैसे मोजायचे, असा हा व्यवहार. तो विचित्र वाटला तरी त्याचा एक उपयोग होतो: संघ हॉटेलात राहिला तर आयोजकाला किती सुटतात, याचा अंदाज त्या रकमेवरून बांधता येतो.

मुलांचे म्हणाल तर ती यात खूश असतात. आइस हॉकीच्या स्पर्धांत हॉटेलच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये गुडघ्यांवर बसून छोट्या काठ्यांनी हॉकी खेळणे हा मुख्य स्पर्धेइतकाच महत्त्वाचा कार्यक्रम असतो आणि इतर पाहुण्यांच्या तक्रारी घेऊन रात्रपाळीचा कर्मचारी जिने चढत-उतरत राहतो. संघ एका छताखाली राहिला की मुलांची मैत्री होते, हा आयोजकांचा दावा खोटा नाही. मात्र बहुतेक संघ अट नसतानाही एकत्र राहणेच पसंत करतात.

पैसा कुठून कुठे जातो

खोलीच्या दरातून तीन वाटा फुटतात. पहिली हॉटेलची. दुसरी आरक्षण करणाऱ्या एजन्सीच्या कमिशनची. हॉटेल व्यवसायात गटांच्या आरक्षणावर १० टक्के कमिशन हा जुना रिवाज. २०१८ मध्ये मॅरियटने उत्तर अमेरिकेत मध्यस्थांचे हे कमिशन ७ टक्क्यांवर आणले आणि लवकरच हिल्टननेही तीच वाट धरली. तिसरी वाट आयोजकाची. दर रात्रीच्या दर खोलीमागे काही डॉलर हॉटेल आयोजकाला परत करते. याला ‘रिबेट’ म्हणतात आणि पालकाच्या बिलावर तो वेगळा दिसत नाही. याखेरीज पंच, कर्मचारी आणि पाहुण्यांसाठी काही खोल्या फुकट मिळतात, तो भाग निराळा.

एक काल्पनिक उदाहरण घेतले तर प्रमाण ध्यानात येते. एका स्पर्धेत २०० संघ आहेत, प्रवेश फी ८०० डॉलर, म्हणजे फीचे उत्पन्न १,६०,००० डॉलर. त्यांतले १५० संघ बाहेरगावचे. प्रत्येकाच्या १० खोल्या, दोन रात्री, म्हणजे एकूण ३,००० ‘खोली-रात्री’. दर १६९ डॉलर. त्यात आयोजकाचा रिबेट १५ डॉलर धरला तर ४५,००० डॉलर होतात आणि एजन्सीचे १० टक्के कमिशन धरले तर ५०,७०० डॉलर. दोन्ही मिळून ९५,७०० डॉलर. आयोजक आणि एजन्सी एकाच मालकाच्या असतील तर हॉटेलांतून येणारी ही रक्कम फीच्या उत्पन्नाच्या जवळजवळ ६० टक्के भरते. हेच गणित पालकाच्या बाजूने मांडता येते. १६९ डॉलरच्या दोन रात्री, वर १३ टक्के कर, म्हणजे ३८२ डॉलर. शेजारच्या ११९ डॉलरच्या खोलीचे करासह २६९ झाले असते. फरक ११३ डॉलरचा. हंगामात अशा सहा स्पर्धा झाल्या की पावणेसातशेच्या वर.

म्हणजे हॉटेलची सक्ती ही व्यवहारात प्रवेश फीचाच एक लपलेला हिस्सा ठरते. फी ८०० ऐवजी १,१०० लावली तर क्लब दुसऱ्या स्पर्धेकडे वळतील. तोच पैसा खोल्यांच्या बिलातून गोळा केला तर स्पर्धा स्वस्त दिसते आणि भार क्लबच्या खात्यावर न पडता दहा-बारा कुटुंबांत विखुरला जातो. कोणी कोणाला किती दिले, याचा एकत्र हिशोब कोणाच्याच हाती नसतो.

शहरांचा स्वार्थ

या व्यवहारात चौथा भागीदार आहे तो म्हणजे यजमान शहर. अमेरिकेत हॉटेलच्या खोलीवर स्थानिक कर असतो. तो भरणारा बाहेरचा पाहुणा त्या शहरात मतदान करत नाही, म्हणून नगरसेवकांना हा कर विशेष प्रिय. पर्यटन वाढवण्यासाठी शहरांची स्वतंत्र मंडळे असतात आणि मोठी स्पर्धा आपल्याकडे यावी म्हणून ती आयोजकाला अनुदान देतात किंवा मैदानाचे भाडे भरतात. बदल्यात आयोजकाने किती खोली-रात्री आणल्या, त्याचा पुरावा मागितला जातो. पालकांनी परस्पर आरक्षण केले तर ते मोजणीत येत नाही. खोल्या प्रत्यक्षात भरतात, पण कागदावर स्पर्धा फसल्यासारखी दिसते आणि पुढच्या वर्षीचे अनुदान धोक्यात येते. आयोजकांच्या समर्थनातला हा सर्वांत सच्चा मुद्दा आहे.

याची पायाभरणी १९९० च्या दशकात झाली. व्यावसायिक परिषदांसाठी खोल्या अडवून ठेवणे ही रीत त्याआधीची होती. ती मुलांच्या खेळांत आली, कारण खेळच पर्यटनाचा भाग बनू लागले. १९९७ मध्ये डिस्नेने फ्लोरिडात ऑरलँडोजवळ आपले भव्य क्रीडासंकुल उघडले. मुलाचा सामना असेल तर आईवडील, भावंडे आणि कधी आजीआजोबाही येणार, राहणार आणि शेजारच्या मनोरंजन उद्यानाची तिकिटे काढणार, हे त्यामागचे सरळ गणित होते. पुढे ते लहान शहरांनीही उचलले. केंटकीतील एलिझाबेथटाउनने उपाहारगृहांवर २ टक्के कर लावून २०१२ मध्ये क्रीडा उद्यान उभे केले. इंडियाना राज्यातील वेस्टफील्डमध्ये २०१४ साली ४०० एकरांचे ‘ग्रँड पार्क’ सुरू झाले. त्याच वर्षी टेनेसीतील गॅटलिनबर्ग या डोंगराळ पर्यटनगावाने ‘रॉकी टॉप स्पोर्ट्स वर्ल्ड’ उघडले. पर्यटकांचा हंगाम नसताना ओस पडणाऱ्या खोल्या भरणे हा त्याचा उघड हेतू होता. मैदानांसाठी घेतलेले कर्ज फेडायचे तर खोल्या भरत राहायला हव्यात आणि खोल्या भरायच्या तर दर शनिवार-रविवारी स्पर्धा हव्यात. मुलांचा खेळ हा या हिशोबात कच्चा माल झाला.

२००८ च्या मंदीने या विचाराला बळ दिले. कंपन्यांनी व्यावसायिक प्रवास तोडला, सुट्टीच्या सहली पुढे ढकलल्या गेल्या, पण मुलीच्या संघाचा सामना कोणी सहसा चुकवला नाही. मंदीतही न आटणारे गिऱ्हाईक म्हणून पर्यटन मंडळे क्रीडास्पर्धांकडे पाहू लागली.

आयोजकांचे म्हणणे

बाजू मांडताना आयोजक आणखी काही कारणे देतात. लहान गावात हॉटेले मोजकी असतात. हजारो माणसे एकदम आली आणि खोल्या आधी अडवलेल्या नसल्या तर दर आकाशाला भिडतात आणि उशिरा आलेल्या संघाला खोली मिळत नाही. वादळाने स्पर्धा रद्द झाली तर शेकडो आरक्षणे एकगठ्ठा सोडवून घेता येतात. पंचांचा आणि मैदानाचा खर्च कुठून तरी काढायचाच असतो. या साऱ्यात तथ्य आहे. मात्र घाऊक खरेदीमुळे दर खरोखर कमी होत असेल, तर पालक आपण होऊन तिथेच येतील, मग सक्ती कशाला, हा प्रश्न उरतो. याला आयोजकांकडे एक उत्तर आहे. काही पालक शेवटपर्यंत वाट पाहतात, मग चार डॉलर वाचवण्यासाठी दुसरीकडे जातात आणि न भरलेल्या खोल्यांचा दंड आयोजकाच्या माथी येतो. उत्तर बरोबर आहे, पण ते सक्तीपुरतेच लागू पडते. दरात रिबेट मिसळण्याचे आणि तो न सांगण्याचे समर्थन त्यातून होत नाही.

युरोपात हाच प्रश्न काही ठिकाणी वेगळ्या रीतीने सोडवलेला दिसतो. स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरात १९७५ पासून भरणाऱ्या ‘गोथिया कप’ या मुलांच्या फुटबॉल स्पर्धेत असंख्य संघ उन्हाळी सुट्टीत रिकाम्या असलेल्या शाळांच्या वर्गांत राहतात. जेवण आणि मुक्काम यांचे पॅकेज स्पर्धाच विकते. व्यवस्था तिथेही आयोजकाच्याच हातात असते, फक्त किंमत पॅकेजच्या पाटीवर लिहिलेली असते.

कायद्याच्या नजरेतून

एक वस्तू हवी असेल तर दुसरीही आमच्याकडूनच घ्या, अशा अटीला स्पर्धा कायद्यात जोडविक्री समजले जाते. महाराष्ट्रातल्या पालकांना हा अनुभव नवा नाही: प्रवेश शाळेत घ्यायचा आणि गणवेश व वह्या शाळेने सांगितलेल्या दुकानातूनच आणायच्या. भारताच्या २००२ च्या स्पर्धा कायद्यातील कलम ३(४) मध्ये अशा जोडविक्रीचा उल्लेख आहे. अमेरिकेत तिचा विचार १८९० च्या शर्मन कायद्याखाली होतो.

पण जोडविक्री झाली एवढ्याने गुन्हा होत नाही. विकणाऱ्याकडे मुख्य वस्तूच्या बाजारात ग्राहकाला वाकवण्याइतकी ताकद आहे का, हे पाहिले जाते. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर लुइझियानातील एका रुग्णालयाचा खटला आला होता. शस्त्रक्रिया आमच्याकडे करायची तर भूलतज्ज्ञही आमचाच, अशी रुग्णालयाची व्यवस्था होती. न्यायालयाने रुग्णालयाच्या बाजूने निकाल दिला, कारण त्या भागातले सुमारे ३० टक्केच रुग्ण तिथे जात होते, बाकीच्यांना पर्याय उपलब्ध होता. क्रीडास्पर्धांच्या आयोजकांना हाच निकाल ढालीसारखा उपयोगी पडतो. देशात स्पर्धा शेकडो आहेत, ही अट नको असेल तर दुसरीकडे जा, असे ते म्हणू शकतात. पालकांची अडचण अशी, की महाविद्यालयांचे प्रशिक्षक त्या शेकड्यांतल्या मोजक्याच स्पर्धांना येतात आणि राष्ट्रीय अजिंक्यपदाची पात्रताही मोजक्याच ठिकाणी मिळते.

चिअरलीडिंगमध्ये मात्र ही ढाल तितकी मजबूत नव्हती. तिथे स्पर्धा, गणवेश आणि शिबिरे या तिन्ही क्षेत्रांत ‘व्हार्सिटी’ या एकाच कंपनीचे वर्चस्व आहे. २०२० मध्ये टेनेसीतील संघराज्य न्यायालयात तिच्याविरुद्ध दावे दाखल झाले. प्रतिस्पर्धी विकत घेऊन बाजार ताब्यात घेतला, हा मुख्य आरोप होता आणि ठराविक हॉटेलांतच राहण्याची सक्ती हा त्या आरोपांतला एक धागा. कंपनीने आरोप नाकारले, पण २०२३ मध्ये एक दावा ४ कोटी ३५ लाख डॉलर देऊन मिटवला आणि २०२४ मध्ये पालकांच्या वतीने चाललेला दुसरा ८ कोटी २५ लाख डॉलरला. दोन्ही प्रकरणे तडजोडीने संपल्यामुळे हॉटेलची सक्ती कायदेशीर आहे की नाही, यावर त्यांतून निकाल आला नाही.

सरकारी देखरेखही तुटपुंजी आहे. अमेरिकेत क्रीडा मंत्रालय नाही. १९७८ च्या हौशी क्रीडा कायद्याने ऑलिंपिक चळवळीची आणि राष्ट्रीय संघटनांची घडी बसवली, खासगी स्पर्धांच्या व्यापाराला तो हात लावत नाही. १२ मे २०२५ पासून फेडरल ट्रेड कमिशनचा एक नियम लागू झाला आहे. त्यानुसार कार्यक्रमांची तिकिटे आणि हॉटेलचा मुक्काम यांची जाहिरात करताना सक्तीच्या आकारांसकट एकूण किंमत दाखवावी लागते. त्यामुळे शेवटच्या पानावर अचानक उगवणारी ‘रिसॉर्ट फी’ लपवता येत नाही. दरातच मुरलेला रिबेट उघड करण्याची सक्ती मात्र या नियमात नाही.

राहता राहिले आयोजकांनी आपण होऊन केलेले बदल. काही स्पर्धांनी सक्ती काढून तिच्या जागी सवलत आणली आहे: ठरलेल्या हॉटेलात राहणाऱ्या संघाला प्रवेश फीत सूट, इतरांना पूर्ण फी. काहींनी नातेवाइकांकडे उतरणाऱ्या कुटुंबांना अटीतून मोकळे केले आहे, तर काहींनी किमान खोल्यांचा आकडा खाली आणला आहे. अनुभवी व्यवस्थापक आता स्पर्धा निवडतानाच फीबरोबर चार गोष्टी विचारतात: संघामागे किती खोल्या घ्याव्या लागतील, स्थानिक संघाची हद्द किती मैलांची, आरक्षण रद्द केले तर किती पैसे कापले जातील आणि वेळापत्रक केव्हा लागेल. हॉटेलकडून आयोजकाला खोलीमागे किती डॉलर परत मिळतात, हा पाचवा प्रश्न विचारायलाही कोणाची मनाई नाही, फक्त त्याचे उत्तर क्वचितच मिळते.